लोखंडी शिलेदाराचे दोन शेवट

थावराच्या गाडीत कागद बांधायचा लाल बस्ता सापडला, पण बस्त्यात पुस्तक नव्हतं. भाकरीचा चुरा होता आणि अंबाडीच्या भाजीचा एक तेलकट डाग होता.

पोलीस जमादार सोनाजीनं ते फडकं नाकाशी नेलं, झटकलं, उन्हात उलटंसुलटं करून पाहिलं. गोरेगावचा बाजार अजून उठायचा होता. गाडीभोवती शंभरेक माणसं जमली होती आणि चोर कोण हे त्यातल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. पाटलाच्या माणसांनी थावराचे हात त्याच्याच गाडीच्या दोरानं बांधले होते, आणि बांधता बांधता त्याच्या गालावर पाच बोटंही उठवली होती.

"साहेब, माईनं भाकर बांधून दिली त्याच्यात," थावरा म्हणाला. "म्या फडकं पाह्यलंच न्हाई. भाकर पाह्यली."

"कोणती माई?"

"व्यंकटरावांची. मनकर्णामाई."

"अन् पुस्तक?"

"कोणतं पुस्तक?"

गर्दीतलं कुणीतरी हसलं. सोनाजीला हसू आलं नाही.

थावरा लमाणांच्या तांड्यावरचा. त्याच्या आजानं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं होतं. हिंगोलीला रेल्वे आली, तो धंदा बसला, आणि थावरा बैलगाडी हाकू लागला. या आठवड्यात फिरत्या सिनेमाच्या तंबूचं सगळं सामान हिंगोलीच्या स्टेशनावरून त्यानंच आणलं होतं. आज, शुक्रवारी दुपारी, त्यानं व्यंकटरावांच्या घरी सरकीची दोन पोती उतरवली. तो गेल्यावर तासाभरात व्यंकटरावांनी कोनाड्यात हात घातला, तर पुस्तक बस्त्यासकट गेलेलं.

पुस्तक म्हणजे छापील नव्हे. नऊ वर्षं खपून व्यंकटरावांनी हातानं लिहिलेली पाचशे पानं. दुसरी प्रत नाही.

"पुड्या बांधायला दिली असतील पानं," गर्दीतून आवाज आला. "तांड्यावरच्याला काय कळतंय त्यातलं?"

एवढ्यात गर्दी बाजूला सारत थावराची बायको नानीबाई आली. ती रडली नाही, ओरडलीही नाही. तिनं सोनाजीला सरळ विचारलं, "अमीन साहेब कधी येनार हायत?"

"परवा. रविवारी."

"मंग तुमच्यापाशी उद्याचा दिवस हाय," ती म्हणाली.

तिनं काय ते नेमकं ओळखलं होतं. साल १९३५, मुलूख निजामाचा. अमीन साहेब, म्हणजे हिंगोलीचे फौजदार, आले की थावराला तिकडे नेणार, आणि त्यांच्या वहीत तांड्यावरच्या माणसाचं नाव एकदा चढलं की ते खोडत कुणी नाही. मग रोज चावडीवर हजेरी. हजेरी सोडून गाडी कुठं न्यायची नाही, म्हणजे गाडी बंद, म्हणजे घर बंद. सोनाजीनं चार वर्षांपूर्वी साखरा गावच्या एका माणसाचं नाव असंच घाईघाईनं चढवलं होतं. खरा चोर दोन वर्षांनी दुसरीकडे सापडला. साखऱ्याचा माणूस तोवर गाव सोडून गेला होता. ती गोष्ट सोनाजी कुणाला सांगत नसे, पण ती त्याच्या मनातून जातही नसे.

त्यानं थावराचे हात सोडवले, त्याला चावडीच्या खोलीत बसवलं आणि स्वतः कडी लावली.

*

व्यंकटराव ओसरीवर फिर्याद लिहीत बसले होते. छप्पन्न वर्षांचे, उंच, वाकलेले. तरुणपणी ते हिंगोलीच्या छावणीत कारकून होते. छावणी उठली तेव्हा त्यांच्या साहेबानं जाताना एक इंग्रजी कादंबरी त्यांच्या हातात ठेवली. आठशे वर्षांपूर्वीची गोष्ट. विलायतेचा एक शिलेदार अंगावर लोखंडाचा सदरा आणि त्यावर क्रूस लावलेला पांढरा झगा घालून, धर्मयुद्ध लढायला यरुशलेमला जातो. तिचंच व्यंकटरावांनी मराठी केलं होतं, आणि नाव ठेवलं होतं 'यरुशलेमचा वाटसरू'.

पुस्तकासारखंच हेही ते मोडीत लिहीत होते आणि लिहिताना प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हणत होते. "…सदर पुस्तक ओसरीच्या फळीवर ठेविले असता…"

"फळीवर न्हाई. कोनाड्यात," आतून मनकर्णाबाईंचा आवाज आला.

"…कोनाड्यात ठेविले असता…" व्यंकटरावांनी खोडून लिहिलं.

"असंच लिहिता का नेहमी? बोलत बोलत?" सोनाजीनं विचारलं.

"छावणीतली सवय. साहेब सांगायचा, मी म्हणत म्हणत उतरून घ्यायचो. न बोलता मला अक्षर उमटत नाही."

सोनाजीनं कोनाडा पाहिला. धूळ पुसल्याची चौकोनी जागा होती. तिथं एक पिवळं पडलेलं पोस्टकार्ड होतं आणि उडू नये म्हणून त्यावर सुपारीएवढा खडा ठेवला होता.

"हे काय?"

व्यंकटरावांनी टाक खाली ठेवला. "ग्यानबाचं कार्ड. माझा मुलगा. मागच्या मोठ्या लढाईत निजामाच्या घोडेस्वारांबरोबर घोडी सांभाळणारा सईस म्हणून गेला, समुद्रापार शामच्या मुलखात. अठरा वर्षांचा होता. यरुशलेमजवळून हे एक कार्ड आलं. मग काही नाही. मेल्याचंही कळलं नाही."

"कार्ड इथंच असतं?"

"नाही. बस्त्यात असतं. पुस्तकाच्या पहिल्या पानापाशी."

सोनाजीनं खडा उचलला आणि पुन्हा होता तिथं ठेवला.

"पुस्तक छापणार होता?"

"पुण्याच्या एका छापखान्याला लिहिलं होतं. पुढच्या आठवड्यात पाठवणार होतो. बुधवारी सिनेमा पाहून आलो आणि शेवटचं प्रकरण पुन्हा लिहिलं. पहाटेपर्यंत बसलो. आता कुठं ते खरं झालं होतं."

सिनेमाचं नाव निघाल्यावर म्हातारा जरा पेटला. तंबूत जो खेळ आला होता तो, 'लोखंडी शिलेदार', त्याच कादंबरीवरून विलायतेत काढलेला होता. "अहो, पुस्तकात तो तीन दिवस वाळवंटात तहानेनं चालतो. चाळीस पानं लागलीत मला त्याला. आणि खेळात काय? एका खडकाआड जातो, दुसऱ्या खडकाआडून निघतो. तहान भागली. वर खिडकीत एक बाई बसवलीय. पुस्तकात बाईच नाही. आहे ती त्याची आई."

मनकर्णाबाई पाणी घेऊन आल्या. बारीक चणीची, पांढऱ्या केसांची बाई. त्यांनी तांब्या खाली ठेवला, तसं दारातून सोनाजीला चुलीपाशी पालथं घातलेलं टोपलं दिसलं. टोपल्याच्या कडेखालून भाकरीचा तुकडा डोकावत होता. बरोबर अर्धी भाकर.

"कुणाचं जेवण राहिलंय का माई?"

"न्हाई," त्या म्हणाल्या.

"गाईचा घास तो," व्यंकटराव म्हणाले. "रोज पहाटे घालते ती."

सोनाजीनं लाल फडकं पुढे धरलं. "थावरा म्हणतो, तुमी याच्यात भाकर बांधून दिली."

मनकर्णाबाईंनी फडक्याकडे पाहिलंच नाही. "रस्त्यावरून आलेल्याला देतेच मी. कोणाला कशात दिली, कुठं ध्यानात राहतं?"

"दिली की न्हाई दिली?"

"दिली असंल."

"त्या बस्त्यात गेल्या नऊ वर्षांत कागदाशिवाय काही बांधलं नाही," व्यंकटराव ठासून म्हणाले. "त्यानंच पुस्तक काढलं आणि आपली भाकर बांधली."

मनकर्णाबाई तांब्या उचलून आत गेल्या. तांब्या भरलेलाच होता. सोनाजी पाणी प्यायलाच नव्हता.

*

बाजाराच्या दिवशी खेळ दिवेलागणीलाच सुरू होई, म्हणजे गोरेगावभोवतालच्या माणसांना घरी परतायला बरं. बंदोबस्ताला सोनाजीच असायचा. बुधवारी तो तंबूच्या खांबाला टेकून उभा होता आणि आज शुक्रवारी त्याच खांबाला.

मुंबईकडे चित्रं बोलायला लागून चार वर्षं झाली होती. आपल्याकडची अजून मुकी होती. पडद्यावर इंग्रजी अक्षरं येत आणि पडद्याशेजारी उभा राहून हरिचंद नावाचा माणूस गोष्ट सांगे. हरिचंद वऱ्हाडातल्या उमरावतीकडचा, आवाज असा की मागच्या रांगेतलं लेकरू झोपेतून उठून बसावं. लोखंडी सदरे घातलेले शिलेदार घोडे फेकत आले की तो तोंडानंच टापा वाजवी.

"एवढं लोखंड घालून उन्हात निघालेत," एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला म्हटलं. "यांना काय आपल्याकडचा वैशाख ठाऊक न्हाई."

खेळाचं शेवटचं रीळ नव्हतं. ते मागच्या मुक्कामी जळालं होतं. त्यामुळे शिलेदार यरुशलेमच्या तटाशी जखमी होऊन पडला की पडदा पांढरा होई, आणि पुढचं सगळं हरिचंद नुसत्या तोंडानं सांगे. बुधवारी त्यानं सांगितलं होतं की शिलेदार तिथंच वाळूत मेला, त्याची तलवार त्याच्या मातीवर उभी रोवली, आणि त्याचं नाव विचारायलाही कुणी उरलं नाही. लोक गप्प होऊन घरी गेले होते.

आज पडदा पांढरा झाला. हरिचंद पडद्यापुढे आला. मग म्हणाला:

"शिलेदार मेला नाही, मायबाप. तो उठला. पायी निघाला. किती वर्सं चालला, त्यालेच ठाव नाही. घरी आला तेव्हा त्याले कोणी वळखलं नाही. दाढी वाढली, आवाज बदलला. आईबी पाह्यत राह्यली. मंग तो चुलीपाशी गेला अन् टोपलं उचललं. टोपल्याखाली अर्धी भाकर होती. तो गेला त्या दिसापासून आईनं रोज एक अर्धी भाकर त्याच्यासाठी झाकून ठेवली होती. एक दिस चुकला नाही. त्यानं ती खाल्ली. तवा आईनं त्याले वळखलं."

तंबूत बायका पदर डोळ्याला लावत होत्या. सोनाजी खांबापासून सरळ झाला होता.

*

शनिवारी सकाळी त्यानं हरिचंदला ओढ्याच्या काठी गाठलं. तो धोतर पिळत होता.

"बुधवारी शिलेदार मेला. शुक्रवारी जिता झाला. काहून?"

"रीळ जळालं साहेब. शेवट माह्या तोंडात हाय. बाजाराच्या दिशी कोणाले मारू नये, लोकाइचं मन खट्टू होते."

"भाकर कुठून आली?"

हरिचंद धोतर पिळतच राहिला. पाणी कधीच निघून गेलं होतं. "माह्या डोक्यातून."

"विलायतेत भाकर असती?"

"माय तं असते साहेब."

"व्यंकटरावांचं पुस्तक वाचलं तुमी?"

"नाही."

सोनाजीनं खिशातून फिर्यादीचा कागद काढून त्याच्या हातात दिला. "बरं, मग साक्षीदार म्हणून सही करा. वाचून करा."

हरिचंदनं कागद पाहिला, जवळ घेतला, लांब धरला आणि परत केला. "हे मोडी काही मले येत नाही. बालबोध असतं तं वाचलं असतं. तुमीच वाचून सांगा."

तो खोटं बोलत नव्हता. कागद त्यानं उलटा धरला होता. मोडी मलाही जमत नाही असं सोनाजी त्याला म्हणाला नाही, पण ते खरं होतं. शाळेत त्याला उर्दूच शिकवलं होतं.

तिथून तो व्यंकटरावांच्या शेताकडे गेला. म्हातारा बांधावर एकटाच बसला होता, हात मोकळे, काय करावं ते न सुचलेला.

"साहेबाच्या इंग्रजी पुस्तकात शिलेदाराचं शेवटी काय होतं?"

"मरतो. वाळूत पुरतात त्याला."

"अन् खेळात?"

"तसंच. हरिचंदनं बुधवारी सांगितलं, अगदी पुस्तकाबरहुकूम. तेवढं एक त्या खेळवाल्यांनी बरोबर ठेवलंय."

"अन् तुमच्या पुस्तकात?"

व्यंकटरावांनी ढेकूळ उचललं आणि बोटांनी चुरत राहिले. "नऊ वर्षं माझ्या पुस्तकात तो घरी येत होता," ते शेवटी म्हणाले. "माझ्याच्यानं तो मरेना. आई रोज उंबऱ्यात दिवा लावते, तो दिवा पाहून त्याला घर सापडतं. असं लिहिलं होतं. मग बुधवारी भर तंबूत ते ऐकलं आणि मनात आलं, व्यंकट, किती दिवस खोटं लिहिणार? घरी आलो, ती पानं फाडली. साहेबानं लिहिलं होतं तसं लिहिलं. पुरला त्याला."

"दिवा? भाकर न्हाई?"

"कसली भाकर?"

"काल हरिचंदनं सांगितलं, आई रोज अर्धी भाकर टोपल्याखाली झाकून ठेवायची."

"छे. माझ्यात भाकर कुठंच नाही. कुठून काढली त्यानं?"

सोनाजी उत्तर न देता उठला. त्याला उत्तर मिळालं होतं, आणि ते मिळाल्याचा आनंद त्याला अजिबात झाला नाही. चोराला बेडी घालणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. हे काम निराळं होतं. वाटेत चावडीवर नानीबाई बसलेली दिसली. कालपासून ती तिथून उठली नव्हती.

*

रविवारी सकाळी, अमीन साहेब यायच्या आधी, सोनाजीनं सगळ्यांना व्यंकटरावांच्या ओसरीवर बसवलं. व्यंकटराव, मनकर्णाबाई, हरिचंद. थावरा पायरीवर बसला आणि नानीबाई त्याच्यामागे उभी राहिली.

"पुस्तक थावरानं नेलं न्हाई," सोनाजी म्हणाला. "त्याची खूण मला पहिल्याच दिवशी कोनाड्यात दिसली, पण कळली उशिरा. बस्ता उचलून पळणारा माणूस आतलं कार्ड काढून ठेवत न्हाई. उडू नये म्हणून त्याच्यावर खडा तर मुळीच ठेवत न्हाई. ज्यानं पुस्तक घेतलं त्याला ग्यानबाचं कार्ड जपायचं होतं."

व्यंकटरावांनी कोनाड्याकडे पाहिलं.

"दुसरं. बुधवारी हरिचंदनं शिलेदार मारला अन् शुक्रवारी घरी आणला. मला वाटलं, यानं पुस्तक चोरून वाचलं. कारण व्यंकटरावांच्या पुस्तकातच तो घरी येत होता. पण हरिचंदला मोडी येत न्हाई. अन् आली असती तरी कोनाड्यातल्या पुस्तकात शिलेदार गुरुवारपासून मेलेलाच होता. म्हणजे जुना शेवट ठाऊक असलेल्या कोणीतरी त्याला तोंडी सांगितला. कोणाला ठाऊक होता जुना शेवट?"

"कुणालाच नाही," व्यंकटराव म्हणाले. "मी कुणाला दाखवलंच नाही."

"दाखवलं न्हाई. ऐकवलं. तुमी बोलल्याबिगर लिहीत न्हाई. नऊ वरसं तुमी इथं बोलून राहिले अन् तिथं चुलीपाशी कोणीतरी ऐकून राहिलं होतं. फिर्याद लिहिताना फळीचा कोनाडा केला तो कोणी?"

हरिचंदनं मनकर्णाबाईंकडे चोरून पाहिलं.

"अन् भाकर," सोनाजी म्हणाला. त्याचा आवाज उतरला. "भाकर इंग्रजी पुस्तकात न्हाई. खेळात न्हाई. व्यंकटराव, तुमच्या पानांतबी न्हाई, तुमी दिवा लावला होता. ती या घरात एकाच माणसाला ठाऊक होती. सतरा-अठरा वरसं तुमी तिला गाईचा घास म्हणून राहिले. पहाटे ती गाईला जाती, खरं हाय. पण रात्रभर ती गाईची नसती."

व्यंकटरावांनी बायकोकडे पाहिलं. संसाराला चाळीस वर्षं होत आली होती, आणि तरी त्यांचा चेहरा अनोळखी माणूस दारात आल्यावर होतो तसा झाला होता.

"शुक्रवारी माईनं पुस्तक बस्त्यातून काढलं. तेवढ्यात थावरा पोती घेऊन आला. दारी आलेला माणूस या घरातून भाकरीबिगर जात न्हाई. हात सवयीनं चालले. जवळ मोकळं फडकं होतं, त्यात भाकर बांधली अन् देऊन टाकली. चोरी लपवणारं माणूस असं कधी करत न्हाई. हे फक्त माईच करू जाणे." सोनाजी मनकर्णाबाईंकडे वळला. "पुस्तक कुठंय, माई?"

मनकर्णाबाई उठल्या. आतल्या खोलीत ज्वारीची कणगी होती. तिच्यात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि पानांचा गठ्ठा काढून आणला. ज्वारीचे दाणे ओसरीभर सांडले.

"शेवटची पानं न्हाईत," त्या म्हणाल्या. "ती मी चुलीत घातली."

"मनकर्णे, मला सांगायचं होतंस," व्यंकटराव म्हणाले.

"काय सांगू? तुमी त्याला नऊ वरसं घरी आणून राहिले होते. मला वाटायचं, आज वेशीपाशी आला, आज ओढा ओलांडला. भाकर थापताना ऐकायची मी. अन् बुधवारी तुमी त्याला पुरलं. मोठ्यानं बोलून पुरलं. गुरुवारी ओढ्यावर बायकाबी म्हणायला लागल्या, बिचारा परमुलखात मेला. शिलेदाराचं बोलत होत्या त्या. मला कळत होतं. तरी मला ऐकवेना. म्हणून मी या भाऊला हात जोडले, त्याला घरी आण म्हणाले."

"कोणाले सांगू नको म्हणून मले त्याइनं शबूद मागतला होता," हरिचंद खाली मान घालून म्हणाला. "मी देल्ला."

"अन् थावरा?" सोनाजीनं विचारलं. खरं तर त्याला हा प्रश्न विचारायचा नव्हता.

मनकर्णाबाईंचे ओठ हलले. "वाटलं, पुस्तक सापडत न्हाई म्हणून सोडून देतील. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले."

त्या आत गेल्या आणि टोपल्याखालची अर्धी भाकर घेऊन आल्या. पायरीपाशी वाकून त्यांनी ती थावरापुढे धरली. थावरानं हात पुढे केला होता. मनगटावर दोराचे वळ होते. नानीबाईनं मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तसा तो थांबला.

"नको माई," नानीबाई म्हणाली. "ती ज्याची हाय त्याला ठेवा. तुमचं लेकरू यायची तुमी अठरा वरसं वाट पाहून राहिल्या. तुमाला ठाऊक हाय वाट पाहणं काय असतं. मी दोन दिवस तुमच्या चावडीवर बसून राहिले. तुमी घरात होत्या."

तिनं आवाज चढवला नव्हता. नवऱ्याला उठवून ती चालू लागली. चावडीपाशी त्यांची गाडी उभी होती. थोड्या वेळानं बैलांच्या घुंगरांचा आवाज आला आणि तांड्याच्या वाटेला लागला.

सोनाजीनं व्यंकटरावांकडून फिर्याद मागे घेतल्याचं लिहून घेतलं. फडकं मीच दिलं, या ओळीखाली मनकर्णाबाईंनी न मागता अंगठा उमटवला. अमीन साहेब दुपारी आले, कागद वाचला, वही न उघडताच जेवून परत गेले. साखऱ्याच्या माणसाची गोष्ट सोनाजीनं त्यांना तेव्हा सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, पुढे काही केलं नाही.

पण हे दुपारचं झालं. सकाळी सोनाजी निघाला तेव्हा व्यंकटरावांनी कोरा कागद पुढे ओढला होता आणि टाक दौतीत बुडवून ते नुसते बसले होते. आवाज नव्हता, म्हणजे अक्षरही नव्हतं.

"काय लिहू ते तूच सांग," ते बायकोला म्हणाले.

मनकर्णाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. भाकर अजून हातातच होती. तांड्याच्या वाटेवरचा धुरळा खाली बसेपर्यंत त्या तिकडेच पाहत होत्या.

"लिहा," त्या म्हणाल्या, "त्याच्या आईनं एका बिनकसूर माणसाला दोन दिवस कोंडून ठेवलं. ते आधी लिहा. मग तो घरी येतो का न्हाई ते पाहू."

व्यंकटराव लिहू लागले, एकेक शब्द मोठ्यानं म्हणत, आणि सोनाजीला ते पार वेशीपर्यंत ऐकू येत राहिलं.